वेलीवरचा गणपती

"भाऊजी, येवढ्या कोहळ्याले सुरी लावून द्या न," सोजराबाईने मळ्यातूनच हाक मारली.

कडूबा बांधावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. अख्ख्या कोहळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही, घरातल्या पुरुषाने लावायची, ही उंद्री गावची रीत. सोजराबाईच्या घरात पुरुष उरला नव्हता. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून कोहळं चिरायचं म्हटलं की धाकट्या दिराची मनधरणी आली.

कडूबा उठला. वेलावरच्या सगळ्यात मोठ्या फळाकडे तिने बोट दाखवलं तसा तो खेकसला, "ते कच्चं हाये. त्याले हात नका लावू." बाजूचं लहान तोडून त्याने त्याची दोन भकलं केली आणि खाली मान घालून म्हणाला, "सोमवारी दादानं इथं नांगर घालाले सांगतला. संत्र्याची बाग लावते म्हंते. काय तोडाचं ते तोडून घ्या."

"नांगर? अन मी काय खाऊ?"

"मले काय इचारता? दादाले इचारा."

दादाला विचारायचं कसं? भगवानराव तिचे थोरले दीर. ते दिसले की पदर ओढून बाजूला व्हायचं, बोलायचं नाही. विहिरीजवळचा हा चार गुंठ्यांचा तुकडा तिच्या नवऱ्याने कसला होता. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, तरी सातबारा भगवानरावांच्याच नावावर. इथली वांगी, मेथी, कोहळी बाजारात नेऊन ती पोट भरत होती. दुसरं काही नव्हतंच.

आणि कडूबा? त्याला भगवानरावांनीच लहानाचा मोठा केलेला. दादा दिवसाला रात्र म्हणाले तर हा कंदील पेटवणार. चाळिशी आली तरी दादासमोर त्याच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं. असल्या नंदीबैलाकडून कसली आशा करायची! सोजराबाईला त्याचा मनस्वी राग आला. तरी तो निघाला तेव्हा तिनेच मागून ओरडून सांगितलं, "भाऊजी, चुन्याची डबी राह्यली!"

बसेल तिथे डबी विसरायची, ही त्याची जुनी खोड.

रविवारी शेजारच्या केसरबाईला सोबत घेऊन ती मळा रिकामा करायला गेली. डोळ्यांतलं पाणी काही खळत नव्हतं. केसरबाईने ते मोठं कोहळं वेलावरच उलटं केलं, बुडाची माती पुसली आणि किंचाळलीच, "अवं माय! गणपती!"

फळाच्या पोटावर खरखरीत, फुगलेल्या रेषा होत्या. सोंड, एक दात, सुपासारखा कान.

दिवस मावळायच्या आत अर्धं गाव बांधावर लोटलं. कुणाला हातातला मोदक दिसला, कुणाला पायाशी उंदीर. म्हाताऱ्या उकंडरावांना मोतीबिंदूमुळे कोहळंच धड दिसत नव्हतं, पण सगळ्यांत मोठ्याने 'मोरया' तेच म्हणाले.

"मोकळ्या कपाळाच्या बाईच्या येलावर देव कसा काय आला?" कुणीतरी पुटपुटलं.

"काऊन? देव काय कुकू पाहून येते काय रे?" केसरबाईने त्याला जागीच गार केलं.

सोमवारी भगवानराव आले. मागे नांगर नि बैल घेऊन कडूबा. भगवानराव काही भोळे नव्हते. कोहळं निरखून ते केसरबाईला म्हणाले, "फळ मुठीयेवढं असतानी काट्यानं कोरलं का रेघ फळासंगं वाढते. लहानपणी म्याबी केले हायेत हे धंदे. तिले म्हणा, देवावर हात ठेवून शपथ घे. नाही घेतली तं नांगर आत्ताच."

सोजराबाई पदर सावरत पुढे आली. कोहळ्यावर तळवा टेकवून म्हणाली, "म्या कोरलं असंन तं हा हात झडून जाईन."

तिचा आवाज जराही कापला नाही. कापेल कशाला? तिने कोरलंच नव्हतं. देव आपल्यासाठी आला, या विचाराने तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

भगवानरावांनी पटका काढला, माती कपाळाला लावली. "नांगर वापस ने रे, कडूबा. जागा देवाची हाये. तिच्याच हाताखाली राहू दे."

मग सगळ्यांनी एकेक करून कोहळ्याला हात लावून नमस्कार केला. एकट्या कडूबाने तेवढा केला नाही. "बैलं उन्हात हायेत," म्हणत तो माघारी वळला.

"मेल्याले देवाचीबी चाड नाही," केसरबाई म्हणाली.

वेल वाळला तसं कोहळं वाजतगाजत नदीत सोडलं. पण देवाचा धाक तरी किती दिवस पुरणार? पुढचा पोळा जवळ आला आणि भगवानरावांना संत्र्याची बाग पुन्हा आठवली.

"औंदा तं देव बसला नाही न तिथं?" असं ते पारावर चारचौघांत बोलल्याचं केसरबाईने सकाळीच येऊन सांगितलं.

सोजराबाई तडक मळ्यात गेली. देवावरच चिडली होती. "एकडाव येऊन गेला अन इसरला काय रे बापा? आता मी कुठं जाऊ?" रडत, बडबडत ती एकेक पान बाजूला सारू लागली.

बांधाकडच्या पानांखाली मुठीएवढं एक कोहळं होतं. त्यावर वर उचललेली शेपटी होती, आणि गदा, पण अर्धीच. रेषा ताज्या होत्या, चीक अजून वाळला नव्हता.

शेजारी, ओल्या मातीत, चुन्याची डबी पडली होती.