आंदणाचं टेबल

"बस माय, बसून पाह्य. पाय भुईले टेकले पायजेत. लेकीनं लोंबत जेवू नये."

अमरावतीच्या दुकानात बाबा असं म्हणाले होते, प्रणालीच्या लग्नाआधी. आंदणात द्यायच्या टेबलासाठी त्यांनी तिला दुकानातल्या झाडून साऱ्या खुर्च्यांवर बसवलं होतं. "काकाजी, खुर्ची घेता का पोरगी मोजता?" म्हणून दुकानदार हसला होता. बाबा हसले नव्हते. एकेका खुर्चीपाशी उकिडवे बसून ते तिच्या टाचा पाहत होते.

आज सकाळपासून तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता. बाबा, म्हणजे उत्तमराव, आज पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला यायचे होते. लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. इतकी वर्षं ते अकोल्याला येत, जठारपेठेतल्या या घराच्या फाटकातूनच संत्र्यांची पिशवी आत देत, आणि तहान लागली तर कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पाणी पीत. आता घरात पाळणा हलला होता. रीत फिटली होती.

प्रणाली मात्र पुन्हा पुन्हा टेबलाकडे पाहत होती. दर फोनवर बाबा विचारायचे, "टेबलावर बसून जेवतं ना माय?" आणि दर फोनवर ती म्हणायची, "हो बाबा." टेबल आलं ते दुकानातल्या प्लास्टिकसकट, आणि तसंच राहिलं. सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, ते काढूच दिलं नव्हतं. प्लास्टिकवर मेणकापड, मेणकापडावर इस्त्रीचे कपडे, खुर्च्यांवर गाद्यांची चळत. आजचा दिवस निभावू दे, बाबांना काही कळू नये, एवढंच ती मनाशी मागत होती.

"काढ वं ते प्लास्टिक," पार्बताबाई म्हणाल्या. "इवाई येऊन राहिले. पाहू दे त्याहिले, कसं जपलं आमी."

प्लास्टिक जागोजागी चिकटलं होतं. ते ओढताना आतून कोंदट वास आला. मागच्या खिडकीतला कूलर दर उन्हाळ्यात त्या भिंतीवरून झिरपायचा. पण वरची फळी कशी आरशासारखी होती! प्रणालीला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं.

उत्तमराव आले. नातीच्या मुठीत नोट कोंबून, हातपाय धुऊन टेबलाशी बसले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"नवंच्या नवं ठेवलं हो इनबाई."

"मंग! पोटच्या पोरावानी जपलं."

शेजारच्या खुर्चीवर जावई शेखर बसला. प्रणालीनं वाढलं. पुरणपोळी, वर तूप, पाटवड्यांची भाजी, वरण-भात. लेकीच्या हातचा पहिला घास. उत्तमरावांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या मातीत पाय जावा तसा टेबलाचा भिंतीकडचा, त्यांच्या बाजूचा पाय आतल्या आत बसला. फळी कलली. ताट घसरलं. वरण उत्तमरावांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं, पाण्याचा गडवा घरंगळत दारापर्यंत गेला. बाळ दचकून रडायला लागलं.

टेबलाच्या फुटक्या पायातून भुरूभुरू माती गळत होती. मातीत उधई, म्हणजे वाळवी, वळवळत होती. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, अगणित. काही पुरणपोळीवर चढली.

शेखरच्या हातातला घास हातातच राहिला.

"अवं बाप्पा!" पार्बताबाईंना आधी वाचा फुटली. "सागवान म्हनत होते ना तुमी? हे सागवान हाय? आमी बोट नाई लावलं याले, अन् आतून पार माती! चार सोयऱ्यांनी पाह्यलं असतं तं?"

"आई, जाऊ दे ना," शेखर पुटपुटला. तो ताटाकडे बघत होता.

उत्तमराव उठले. धोतरावरून वरण ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. भरल्या घरात, जावयासमोर, त्यांनी हात जोडले.

"चुकलं इनबाई. मले लाकडाची पारख नाई राह्यली असन. लेकीले बोल नका लावू. मी दुसरं आणून देतो."

"आता काय दुसरं आनता!"

उत्तमराव खाली वाकले आणि सांडलेला भात हातांनी गोळा करायला लागले. पिकल्या केसांचं डोकं पार्बताबाईंच्या पायांशी आलं. बाळ कडेवर घेऊन प्रणाली पुढे झाली, आणि मोकळ्या हातानं तिनं बाबांचं मनगट धरलं.

"उठा बाबा. तुमी नका उचलू. लाकडाचा दोष नाई. झाकून झाकून कुजलं ते."

"चूप राह्य वं तू," पार्बताबाई म्हणाल्या.

"काहून माय?" उत्तमराव भातानं माखले हात तसेच धरून तिच्याकडे पाहत होते. "झाकून काहून? रोज जेवत होते ना सारे यावर?"

बाळ रडायचं थांबलं. कूलर घरघरत राहिला. प्रणालीनं शेखरकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"मी तुमाले खोटं सांगत होती बाबा," ती म्हणाली. "सारे जेवले का मंग उरलंसुरलं मी ओट्यापाशी उभ्यानं खातो. लग्न झाल्यापासून या घरात मी बसून जेवलीच नाई."