निघतानाचा शब्द

“ताई, पुस्तक उद्या छपाईला जातंय, पण हा एक शब्द बदलायलाच हवा,” समितीतले शिंगोटे सर म्हणाले.

शाळकरी मुलांसाठी बाबांनी रचलेल्या मराठी संगणकभाषेच्या नियमांचं ते पुस्तक. प्रोग्राम बंद करायची त्यांची आज्ञा होती ‘येतो’. “निघताना आपण ‘जातो’ म्हणतो का?” एवढंच ते विचारायचे. आता ते नव्हते. इतक्या उशिरा बदल करायला सगळ्यांची संमती लागे. फक्त माझी उरली होती.

“पोरं ‘येतो’ लिहितात आणि पडद्यासमोर बसूनच राहतात हो. विचारतात, सर, तो परत कधी येणार?”

सगळे हसले.

ऑपरेशनला आत नेताना बाबा मला ‘येतो’ म्हणाले होते.

“पोरांचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “‘समाप्त’ लिहा.”