दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"आता... आता येईल ती," दशरथ बोट वर करून म्हणाला.

सगळ्यांनी कान टवकारले. रविवारची सकाळ होती. पूनम सागर सोसायटीत दशरथच्या घरच्या हॉलमध्ये चार पाहुणे श्वास रोखून बसले होते. ड्रम मुद्दाम किंचित उशिरा पडत होता. ऑर्गन भजनातल्या पेटीसारखा सावकाश उसासत होता. गाणाऱ्याने ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आली नाही ती फक्त बाई.

गाणं संपलं.

"कुठंय, काका?" निहारने विचारलं.

निहार जवळच्याच बेव्हर्ली पार्कात राहायचा आणि जुन्या तबकड्या जमवायचा. निदान त्याच्यासमोर तरी फजिती व्हायला नको होती. वर्षभर दशरथने आसपासच्या गाणंवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या बाईचं पुराण लावलं होतं. त्र्याहत्तर सालचा अमेरिकन सोल संगीताचा अल्बम. गाणारा पुरुष आतडं पिळवटून गातो, आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात त्याच्या मागे एक बाई नुसती गुणगुणते. शब्द नाहीत. कव्हरवर ड्रमवाल्यापासून सगळ्यांची नावं आहेत, हिचं नाही. 'तो रडतो आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते,' असं दशरथने लिहिलं होतं. बावीस जणांनी खाली हात जोडले होते.

लोकांना घरी ऐकायला बोलवायची ही पहिलीच खेप. म्हणून सकाळीच त्याने बायकोला बजावलं होतं, "नीलिमा, एक भांडं वाजता कामा नये. दार लावून आत बस. तुला यातलं काही कळत नाही, निदान आमचं बिघडवू नकोस."

"मी फोनवरही ऐकलाय हा अल्बम," निहार जरा अडखळत म्हणाला. "त्यातही बाई नाहीये."

"फोनवर सगळं धुऊन पुसून घालतात रे! खरी गंमत या रेकॉर्डमध्ये आहे." एवढं बोलून दशरथ थबकला. मग तडक उठून त्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं. "अगं, काल आवराआवरीत ही रेकॉर्ड पुसलीस का तू?"

नीलिमा स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. "पुसली. धूळ होती."

"कशाने?"

"ओल्या फडक्याने."

"घ्या! चाळीस वर्षं जिवापाड जपलेली वस्तू, आणि बयेने एका दिवसात वाट लावली!"

चार परक्या माणसांसमोर बोलला हे तो. निहार तेवढा पुटपुटला, "फडक्याने एकट्या बाईचाच आवाज कसा पुसला जाईल?" पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

"चुकलं माझं," नीलिमा म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'काय हो, बाई आली का परत?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दशरथला तोंड दाखवायला जागा उरली नाही. लिफ्टमध्ये तो मजल्यांचे आकडे बघत उभा राहायचा, भाजी आणायलाही भलत्याच वेळी जायचा.

रोज सकाळी तो ते गाणं लावून बघत होता. रेकॉर्ड निघाली की नीलिमा गॅस बंद करायची, पायात चपला सरकवायची आणि खाली बागेत जाऊन बसायची. तोही तिला थांबवत नव्हता. बाई काही येत नव्हती.

खरं सांगायचं तर लाजेपेक्षा त्याला दुसरंच लागलं होतं. आई गेली तेव्हा, कंपनीने घरी बसवलं तेव्हा, याच आवाजाने त्याला सावरलं होतं. त्याच्याशिवाय गाणं नुसतं रडगाणं वाटत होतं.

आणि एकदम त्याला कॅसेट आठवली.

शहाऐंशी साली लालबागच्या खोलीत त्याने ती याच रेकॉर्डवरून मित्रासाठी, महिपतसाठी, भरली होती. वायरी जोडायची सोय नव्हती, म्हणून स्पीकरसमोर पाटावर टेपरेकॉर्डर ठेवला होता. भरली आणि तशीच देऊन टाकली. महिपतचं आता काशीमीऱ्याला गॅरेज होतं.

"आहे रे दश्या, जपून ठेवलीय," महिपत फोनवर म्हणाला. "प्लेअरपण आहे. पण एक गाणं ऐकलं असेल तर शपथ. तुझं ते इंग्रजी रडणं आपल्याला झेपत नाही."

पुढच्या रविवारी दशरथने त्याच चौघांना परत बोलावलं. महिपत प्लेअर घेऊन आला. या वेळी दशरथने नीलिमालाही मुद्दाम समोर बसवलं. आपण काय पुसून टाकलं ते तिला कळायला हवं होतं.

कॅसेट सुरू झाली. आधी खरखर, मग ड्रम, मग ऑर्गन, मग तो गाणारा. आणि चौथ्या ओळीला बाई आली. बारीक, किंचित कापरा आवाज, अगदी त्याच्या पाठीशी.

"आयला, आहे की!" निहार खुर्चीच्या टोकावर आला.

दशरथच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं. "ऐकलंस, नीलिमा? हा गळा ऐक! असा गळा लाखात एखादीला मिळतो. आणि तू त्याच्यावर फडकं मारलंस!"

 नीलिमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

गाणं संपत आलं. ड्रम थांबला, ऑर्गन विरला. बाई मात्र गुणगुणतच राहिली.

"बघा," दशरथ कुजबुजला, "वाद्यं संपली तरी ती एकटीच..."

बाई थांबली. कुठेतरी झारा कढईवर वाजला, आणि तोच आवाज म्हणाला, "अहो, संपलं का तुमचं गाणं? पोहे वाढू?"