पेवाचा तळ

पेवावरचा दगड सरकला, तेव्हा इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक उपळेकर यांचा ऊर भरून आला. जुन्या दुष्काळांत गावाला तगवले ते जमिनीखालच्या या कोरड्या धान्यकोठारांनी, हे ते वर्षानुवर्षे सप्रमाण मांडत आले होते. अखेर ग्रामसभा राजी झाली होती: पुढच्या दुष्काळासाठी यंदाची ज्वारी पेवातच साठवायची.

आतली हवा जोखण्यासाठी, जुन्या रीतीप्रमाणे, सरपंचबाईंनी दोराला बांधून पेटता दिवा खाली सोडला. अर्ध्यावरच तो चर्र करून विझला.

“विषारी वायू,” उपळेकर म्हणाले.

“वायू चर्र वाजत नाही, सर. पाणी आहे. कालवा आला, ऊस आला, अन् जमीन आतून भिजली.”

“दुसरे पेव उघडू.”

“उघडा की. जमीन तीच आहे.”

खांदा लावून उपळेकरांनीच दगड परत लोटला.