काचेच्या कपाटातली कात्री

मोठे डॉक्टर स्वतःच्याच ऑपरेशन टेबलावर आडवे पडून कण्हत होते. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. कापणार धाकटा भाऊ, गुंगी देणार बायको. म्हणजे मामला घरचाच.

"कात्री नवी घे रे," मोठे म्हणाले.

"चांगली उकळलीय, दादा."

"उकळलीय?" मोठे किंचाळले. "दुर्बिणीच्या ऑपरेशनची कात्री, एकदा वापरून फेकायची वस्तू ती! सांध्यात रक्त अडकून राहतं, कितीही उकळ. मी काय पेशंट आहे?"

सिस्टर छताकडे बघू लागली. या दवाखान्यात माणसं निवृत्त होत, कात्र्या होत नसत. वापरली की धुवायची, उकळायची, पाकिटात घालून चिकटवायची आणि मुठीवर डॉक्टरीणबाईंच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचा. एकेका कात्रीला गोवर आल्यासारखं दिसे. मागच्याच महिन्यात एका शिंप्याचं पोट आतून चिघळलं, तेव्हा मोठ्यांनी त्यालाच झापलं होतं, "पथ्य पाळायला नको तुम्हा लोकांना!"

"काचेच्या कपाटातली आण," मोठे आता सिस्टरवर खेकसले. "ती कोरी आहे."

ते पाकीट सगळ्यांच्या ओळखीचं. प्रत्येक ऑपरेशनआधी मोठे ते नातेवाइकांच्या नाकासमोर नाचवत, "बघा, खास तुमच्यासाठी नवी फोडतोय!" आणि नातेवाईक हात जोडून बाहेर गेले की पाकीट परत कपाटात.

सिस्टरने ते आणलं. धाकट्याने फाडलं. मोठ्यांनी मान उंचावली.

कात्रीची मूठ लालभडक होती.

पाकीट चिकटवलं होतं मोठ्यांनीच. अस्सल कात्री त्यांनी केव्हाच काढून कामाला लावली होती आणि जागी एक थकलेली ठेवून दिली होती. पण येईल त्याला नवी म्हणून दाखवता दाखवता स्वारीचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

"बाजारातून मागवा! आत्ताच्या आत्ता!"

"तोवर फुटेल, दादा."

"अहो, गप पडा बघू," बायको म्हणाली. "उकळत्या पाण्यात जंतू मरतात, कात्री नाही, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" आणि तिने मास्क नाकावर दाबला.

डोळे मिटता मिटता मोठ्यांना दिसली ती कोपऱ्यातली सिस्टर. ती नेलपॉलिशची बाटली हलवत होती आणि मुठीवर कुठे जागा उरलीय का, ते लांबूनच न्याहाळत होती.