प्रकाशाच्या वाटेत

लेसरच्या क्षणभराच्या झोताला हवा तसा आकार द्यायचा आणि अणूतला इलेक्ट्रॉन डावीकडे उडवायचा की उजवीकडे, ते आपण ठरवायचं. सरांची उभी हयात यात गेली आणि या आठवड्यात पडद्यावरचा आलेख अखेर सांगू तसा वळू लागला. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती.

“सर, शोधनिबंध पाठवण्याआधी एकदा प्रकाश अडवून बघू? इलेक्ट्रॉन थांबले, की शंकेला जागाच नको.”

“उगाच फाटे फोडू नकोस.”

तरी तिने लेसरच्या पेटीचं झाकण उघडलंच. झोताच्या वाटेत काळा पुठ्ठा उभा करायला हात आत घातला आणि ती थिजली.

“सर, इथे आधीच एक पुठ्ठा आहे.”

पडद्यावर आलेख आज्ञाधारकपणे डावीकडे झुकला. सरांनी मानसुद्धा वर केली नाही.

“माहितीये. झाकण लाव.”