प्लेटवरचा ओरखडा

"प्लेट माझ्यासमोरच बाद करा हं, ताई," शाल्मलीने हसत हसत बजावलं. नव्या फ्लॅटच्या भिंतीसाठी चित्र घ्यायचं म्हणून ती महिनाभर छापचित्रांबद्दल वाचत होती. ठरलेले छाप काढून झाले की चित्रकाराने प्लेटवर ओरखडा मारायचा, म्हणजे पुन्हा कुणी छापू शकत नाही, हा रिवाज तिला पाठ झाला होता.

चित्रकार कुमुदताईंनी प्लेट जवळ ओढली. तांब्याच्या प्लेटवर वेणीशी चाळा करणारी मुलगी कोरलेली होती. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पोलादी सुई उचलली आणि त्या मुलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जोर लावून ओढली.

"खात्रीसाठी या ओरखड्याचाही एक छाप देते," म्हणत त्या प्लेटला शाई लावू लागल्या.

शेवटच्या चांगल्या छापाची गुंडाळी शाल्मलीने काखेत घेतली. "कोण हो ही?"

"माझी लेक. दिवाळीत डेंग्यूने गेली."

शाल्मलीने गुंडाळी काखेतून काढली. "तुम्ही स्वतःसाठी एखादा छाप ठेवलाय ना?"

"नाही गं. प्लेट होती ना माझ्याकडे."

शाल्मलीने गुंडाळी पुढे केली. "हा ठेवा. खरंच ठेवा, ताई."

"वेडी आहेस का? तो तुझा झाला आता."

कुमुदताई मलमलीच्या फडक्याने जादा शाई पुसत राहिल्या. कपाळ उजळलं, गाल उजळले. कोरलेल्या रेषांत आणि त्या ओरखड्यात भरलेली शाई तेवढी निघेना.

ती निघत नसतेच. हेही शाल्मलीने वाचलं होतं.